लाल म्हणजे पंखा

विद्यापीठातल्या कुठल्याही वर्गात पंखा लावायचा तर एक ठरलेला विधी असतो. दाराजवळच्या बोर्डावर 18 बटणं. पहिलं दाबावं तर फळ्यावरची ट्यूब लागते, दुसऱ्यानं पार मागच्या कोपऱ्यातला पंखा फिरतो, तिसऱ्यानं काहीच होत नाही. चौथ्याला आपला धीर सुटतो आणि आपण तळहात फिरवून सगळी बटणं एकदम खाली पाडतो. अख्खा वर्ग झळाळतो, आठही पंखे गरगरायला लागतात, आणि आपण पहिल्या बाकावरच्या तीन मुलांना शिकवायला सुरुवात करतो. तास संपल्यावर बंद करायला पुन्हा बोर्डाकडे कोण बघतो? पुढच्या तासाच्या सरांना लागतीलच की!

आमच्या भौतिकशास्त्र विभागात हा विधी होत नाही, कारण आमच्याकडे नाना आहेत.

नाना प्रयोगशाळा सहायक. नोकरीला 31 वर्षं झाली. इतरांच्या खिशाला पेन असतं, नानांच्या खिशाला टेस्टर. खोलीत शिरले की ते माणसांकडे बघत नाहीत, आधी छताकडे बघतात. मग माणसं मोजतात, मग पंखे मोजतात, आणि दोन आकड्यांचा मेळ बसला नाही तर बोर्डाकडे वळतात. नवीन आलेल्या प्राध्यापकांना वाटतं की नाना आढ्यताखोर आहेत. ते आढ्याकडे बघणारे आहेत, एवढंच.

एका सोमवारी नाना आले तेव्हा उजव्या हाताची तर्जनी लालभडक होती. विभागात दिवसभर कुजबुज. संध्याकाळी उलगडा झाला. नातीच्या नेलपॉलिशच्या बाटल्या आणून ते प्रत्येक बटणावर ठिपके देत होते. लाल म्हणजे पंखा, गुलाबी म्हणजे ट्यूब. एक ठिपका पुढची ओळ, दोन ठिपके मधली, तीन ठिपके मागची. ज्या बटणानं काहीच होत नाही त्याच्यावर फुली. एकट्यानं हे काम करायचं म्हणजे बटण दाबून वर्गाच्या मध्यावर पळत जायचं, काय लागलं ते बघायचं आणि परत यायचं. 11 खोल्यांना दोन आठवडे लागले. तेव्हापासून आमच्याकडे तीन मुलांच्या डोक्यावर एकच पंखा फिरतो.

नानांचा हिशेब तोंडपाठ असतो. “जुना पंखा 75 वॅटचा. आठ पंख्यांचे झाले 600. चाळीसच्या दहा ट्यूब, त्यांचे 400. म्हणजे मधल्या सुट्टीत वर्ग उघडा टाकून तुम्ही तासभर डबा खाल्लात की तो वर्गही एक युनिट खातो. तुम्ही पोळीभाजी खाता, तो कोळसा खातो.” यावर मी एकदा माझी विद्वत्ता पाजळली. म्हटलं, नाना, आपल्याकडच्या एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नाना गंभीर झाले. “सर, हे तुम्हाला माहीत होतं?” मी अभिमानानं हो म्हणालो. “मग काल 104 नंबरचे पंखे तुम्हीच चालू ठेवून गेलात ना?”

वीज वाचली म्हणून नानांच्या पगारात चार आणे वाढणार नव्हते. मग हा जीव का टाकतात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “चंद्रपूरला साडूकडे गेलो होतो. फाटकात अडकलो, कोळशाची मालगाडी चालली होती. डबे मोजायला लागलो. 58 पर्यंत मोजले, मग साडूला फाटकाजवळ चहावाला दिसला.” एवढंच. पुढे काही बोध येईल म्हणून मी थांबलो होतो, पण नाना उठले आणि कॉरिडॉरचा दिवा घालवून आले.

कागदाच्या बाबतीतही तेच. पीएच.डी.चे प्रबंध एका बाजूनं छापायचे ही आमच्याकडची जुनी खोड, आणि प्रबंधाआधी त्याचे सात कच्चे खर्डे. हे सगळे पाठकोरे कागद नाना गोळा करतात, चार तुकडे करतात, दाभणानं टोचून वह्या शिवतात. या वह्या कॅन्टीनपर्यंत पोचल्या आहेत. एका संशोधक विद्यार्थ्याला मिसळीचं बिल मिळालं ते त्याच्याच तिसऱ्या प्रकरणाच्या पाठीवर. वर मार्गदर्शकांचा लाल शेरा होता : ‘यात दम नाही.’ मिसळीबद्दल आहे असं समजून कॅन्टीनवाला दोन दिवस नानांशी बोलला नाही.

आता असा माणूस सोबत असणं सुखाचं असतं असं कुणी समजू नये. नाना तुम्ही बसलेले असताना पंखा घालवतात. “खिडकी उघडा की, वारा फुकट आहे.” विभागाच्या स्वच्छतागृहात गेल्यावर मोठ्यानं गाणं म्हणायची प्रथा नानांमुळे पडली, कारण आतून आवाज आला नाही तर बाहेरून दिवा जातो. आमचे विभागप्रमुख आयुष्यात कधी गायले नव्हते. आता बरं गातात.

आणि एकदा तर नानांनी खरंच घात केला. एका मुलीचं गणित संगणकावर तीन रात्री चाललं होतं. पडदा काळा होता. नानांना वाटलं, विसरून गेली. त्यांनी मेन स्विचच पाडला. सकाळी ती पोरगी पायरीवर बसून रडत होती आणि नाना शेजारी उभे, हातात तिच्यासाठी आणलेला चहा. रागवायचं तर कुणावर? दुसऱ्या दिवसापासून नानांनी पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या : ‘चालू आहे’ आणि ‘विसरलंय’. पहिली चिठ्ठी असेल त्या यंत्राला ते हात लावत नाहीत. दुसरी अजून कुणी लावलेली नाही, तरी नाना ती नेमानं ठेवतात.

मग विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची चाहूल लागली. त्यांच्या सातव्या निकषात पर्यावरणाचे गुण होते, म्हणून हरित समिती नेमली गेली आणि मी तिचा सचिव झालो. पहिली सभा वातानुकूलित दालनात. पहिली 40 मिनिटं ‘कार्बन पाऊलखुणा’ म्हणायचं की ‘कार्बन पदचिन्ह’ यावर गेली. नाना प्रोजेक्टर जोडायला आले होते. अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, “नाना, आपल्याला कार्बन कमी करायचाय. तुम्हाला काय वाटतं?”

“तो टाइपरायटर गेला तेव्हाच बंद झाला, साहेब. दोन डबे उरलेत कपाटात. हवेत का?”

हशा पिकला. नाना मात्र भिंतीवरच्या आकड्याकडे बघत होते. 18. दोन सदस्यांनी स्वेटर घातले होते, एका मॅडमनी शाल.

“साहेब, 2020 पासून नवीन एसी आपणहून 24 वर सुरू होतात. तसा नियमच आहे. 18 वर कुणी नेला?”

कुणी बोलेना. एक अंश वर नेला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, हे माझ्या सादरीकरणात सातव्या स्लाइडवर होतं. तिथं पोचायच्या आत नानांनी रिमोट उचलला होता. शाल उतरली. सभा लवकर संपली, कारण थंडी गेल्यावर सगळ्यांना भूक लागली.

मी एकदा नानांना पेट्रोलची गंमत सांगितली होती. लिटरभर पेट्रोल पाऊण किलो भरतं, पण जळल्यावर कार्बन डायऑक्साइड होतो सव्वादोन किलोच्या वर, कारण त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो. नाना चकित झाले. “म्हणजे आपलं जाळायचं ते जाळायचं, वर हवेतूनही उसनं घ्यायचं?” तेव्हापासून ते मला गेटवर अडवतात. गेटपासून विभाग 900 मीटर. स्कूटर तिथंच लावून मी नानांबरोबर चालत येतो. वाटेत ते मोजतात : दिवसा जळणारे रस्त्यावरचे दिवे.

‘नॅक’ची समिती येण्याआधी आठ दिवस रंगकाम निघालं. ‘पर्यावरणस्नेही परिसर’ असा 20 फुटी फ्लेक्स लागला. भिंती पांढऱ्या झाल्या, आणि जुने बोर्ड बरे दिसत नाहीत म्हणून सगळे बदलून कोरी, गुळगुळीत, एकसारखी पांढरी बटणं बसवली. ठिपके गेले. समितीनं वर्ग बघितले. दाराशी पोचल्यावर कुणीतरी तळहात फिरवला. अख्खा वर्ग झळाळला. सगळे प्रसन्न झाले. नाना मागे उभे होते, वर बघत.

सोमवारी संध्याकाळी 104 मध्ये उजेड दिसला म्हणून डोकावलो. नाना बोर्डापाशी बाटली घेऊन उभे. लाल संपली होती, नातीनं चमकीवाली जांभळी दिली होती.

“सर, बरे आलात. तुम्ही मध्यावर उभे राहा आणि काय लागतंय ते ओरडून सांगा. या वेळी पळायचं नाही.”

मी मध्यावर जाऊन छताकडे बघायला लागलो.