नानांचं हिरवं रान

सातगाव पठारावर, पेठ-कुरवंडीच्या बाजूला, जूनचा पाऊस पडला की मंचरच्या बाजारातलं बटाट्याचं बियाणं गाड्या भरभरून वर चढतं आणि नाना कृषी सेवा केंद्राच्या बाकावर येऊन बसतात. नाना हे काही एका माणसाचं नाव नव्हे. दर वाडीत एक असतो; कुठे त्याला आप्पा म्हणतात, कुठे माजी सरपंच.

नाना खताला आकड्याने ओळखतात. "दहा-सव्वीस-सव्वीस टाकलं का? मग एकोणीस-एकोणीस मार, वर झिरो-झिरो-पन्नास!" परक्याला वाटावं, मटक्याचा आकडा फुटतोय. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा, हे पोत्यावरच छापलेलं असतं. पण ते वाचायला चष्मा लागतो आणि नानांचा चष्मा घरी असतो.

खरा जीव मात्र युरियावर. पालाश बटाटा पोसतो, पण मातीखाली. ते कोणाला दिसतंय? युरिया दिला की आठवड्यात रान काळंभोर होतं आणि रस्त्याने जाणारा मोटारसायकल थांबवून विचारतो, "नाना, काय दिलंत?" या एका प्रश्नासाठी नाना खरीप करतात.

कृषी सहायकाने परोपरीने सांगून झालं. स्फुरद-पालाश लागवडीलाच द्या. नत्र अर्धं तेव्हा, अर्धं महिन्याभराने मातीची भर लावताना, आणि मग हात आवरा. नत्र जास्त झालं की झाड पाल्याच्या नादी लागतं, बटाटा धरायला उशीर करतं, वर दाट पाल्यात करपा शिरतो. नानांनी त्याला चहा पाजला. माती परीक्षणाचा अहवाल तर त्यांनी देव्हाऱ्यातच ठेवलाय. दर गुरुवारी उदबत्ती मिळते त्याला.

भर लावून झाली, हप्ता देऊन झाला, तरी ऑगस्टच्या झिमझिमीत नाना पुन्हा रानात. डोक्यावर रिकाम्या पोत्याची खोळ, काखेत पाटी, मूठ सढळ. ओल्या पानांवर दाणे चिकटतात, तिथे करपट ठिपके उठतात. "नजर लागली असंल," नाना म्हणतात.

मागून काकू खुरपं घेऊन. पावसाने भर खचली की बटाटा उघडा पडतो, उन्हाने हिरवा आणि कडू होतो. काकू एकेकावर माती ओढत जातात. बटाटासुद्धा हिरवा व्हायला नानांची हरकत नसावी. ओढ्याकाठच्या चार सऱ्यांना काकूंनी भरीच्या वेळी मोजका हप्ता दिला होता. आता नाना तिथे पोहोचेपर्यंत पाटी रिकामी, आणि उरलेलं पोतं काकूंनी कधीच भावाच्या मक्याला धाडलेलं.

सप्टेंबरात काढणी लागली. रस्त्याकडेच्या रानात पाला कमरेएवढा, खाली सगळी गोळी. ओढ्याकाठच्या सऱ्यांतून मात्र मुठीत न मावणारे बटाटे निघाले. काकूंनी त्यांचा ढीग मुद्दाम वेगळा घातला, अगदी नानांच्या वाटेत.

नानांनी एक बटाटा उचलला, धोतराला पुसला, सगळीकडून निरखला.

"बघितलंस? नुसता वाऱ्यानं उडून गेला तिकडं युरिया, तर एवढं!"