वाघिणीच्या पोटाखाली

इंजिनावर प्रेम कोणीही करू शकतं. ते धूर सोडतं, शिट्टी घालतं, त्याच्यावर बालगीतं होतात आणि त्याच्यासमोर उभं राहून काढलेला फोटो चारचौघांत दाखवता येतो. मालगाडीच्या वाघिणीवर जीव लावायला मात्र चारित्र्य लागतं. फाटकाशी खोळंबलेली आपली माणसं वाघिणी मोजतात, अठ्ठावन्न की एकोणसाठ यावर थोडा वाद घालतात आणि फाटक उघडताच विषय सोडून देतात. अमेरिकेत प्रौढ, सुशिक्षित, बहुधा निवृत्त गृहस्थांचा एक वर्ग आहे, जो हा विषय सोडत नाही. फाटक उघडून पाऊणशे वर्षं झाली, तरी ते तिथेच उभे आहेत.

हे लोक वाघिणींच्या प्रतिकृती करतात. माप एकास सत्त्याऐंशी, ज्याला एचओ म्हणतात. कोथरूडच्या जोशी म्युझियममध्ये ज्या मापाच्या गाड्या धावतात, तेच. पण प्रतिकृती हे निमित्त झालं. खरं काम संशोधनाचं. अमुक कंपनीची अमुक क्रमांकाची वाघीण अमुक महिन्यात नेमकी कशी दिसत होती, हा प्रश्न त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवलेला असतो. बाहेरचे लोक त्यांना ‘रिवेट मोजणारे’ म्हणतात. म्हणणाऱ्याला वाटतं, आपण शिवी दिली. ऐकणारा शांतपणे विचारतो, “कुठल्या बाजूचे?”

समाजाचं सगळं कौतुक उपयोगी माणसांवर खर्च होतं, म्हणून या मंडळींच्या वाट्याला काही येत नाही. ती उणीव थोडी भरून काढावी, एवढाच माझा हेतू.

आधी माप समजून घेऊ. चाळीस फुटी मालडबा टेबलावर चौदा सेंटिमीटरचा होतो. इंचभराच्या रिवेटचं डोकं मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. १९११ साली अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने मालडब्यांवर धरायच्या दांड्या किती, कुठे आणि किती जाडीच्या असाव्यात याचा आदेश काढला. जाडी किमान ५/८ इंच. हेतू असा, की कामगारांनी डब्यावरून पडून मरू नये. आयोगाच्या दूरदृष्टीला मात्र मर्यादा होत्या. एकास सत्त्याऐंशीच्या मापात ही दांडी ०.१८ मिलिमीटरची होते, आणि सहज मिळणारी बारीक तार असते पाव मिलिमीटरची. म्हणजे टेबलावरची दांडी सात शतांश मिलिमीटरने जाड भरते. हा फरक डोळ्याला दिसत नाही, हे खरं. पण तो आहे हे ठाऊक असताना माणसाला झोप कशी लागावी?

या पंथाची पहिली दीक्षा म्हणजे महिना निवडणं. हौशी माणूस म्हणतो, “मी वाफेच्या जमान्यातली रेल्वे करतोय.” साधक म्हणतो, “ऑक्टोबर १९४८.” एकदा हे ठरलं की पुढचं सगळं ओघाने येतं. लोखंडी पट्ट्या बोल्टने जोडून केलेल्या जुन्या आर्च-बार बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, बाद, कारण १९४० च्या सुमारास त्यांना परक्या कंपनीच्या रुळांवर जायला बंदी झाली. जुना ‘के’ ब्रेक मात्र चालेल. १९३३ मध्ये ‘एबी’ ब्रेक आला तरी ‘के’ला निरोप द्यायची मुदत पुढे ढकलत ढकलत १९५३ वर गेली. छपरावर चालायची फळी हवीच. तिच्याविना बांधलेले डबे १९६६ नंतरचे. पुलमन-स्टँडर्ड कंपनीचा पीएस-१ डबा चालेल, तो १९४७ पासून निघाला. पण ऑक्टोबर ४८ मध्ये तो अजून नवा आहे, तेव्हा त्याला फार मळवायचं नाही.

मळवणं हा स्वतंत्र अभ्यास आहे, त्यात शिरत नाही. वजनाची तारीख मात्र सांगायलाच हवी. वाघिणीचं रिकामं वजन ठरावीक मुदतीने पुन्हा करायचं आणि महिना, वर्ष, वजन केलेल्या ठिकाणाची खूण असं सगळं तिच्या अंगावर रंगवायचं, अशी तिथली पद्धत होती. टेबलावर ही अक्षरं जेमतेम मिलिमीटरभर उंच असतात. तिथे चुकून नोव्हेंबर १९४८ उमटलं, तर ती वाघीण भविष्यकाळातून आली असं होतं. घरी आलेल्या पाहुण्यांना यातलं काही कळत नाही. पाहुण्यांसाठी म्हणूनच चहा असतो.

आता ग्रंथप्रामाण्य. ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’ नावाचं एक नियतकालिक आहे. देशभरातल्या रेल्वे कंपन्यांच्या वाघिणींचे क्रमांक, आतली लांबी-रुंदी-उंची आणि वहनक्षमता त्यात ओळीमागून ओळी दिलेली असते. कथानक संथ आहे आणि पात्रं फार. साधक आपल्या निवडलेल्या महिन्याच्या जवळात जवळचा अंक मिळवतो आणि उशाशी ठेवतो. बांधणीच्या आकृत्यांसाठी ‘कार बिल्डर्स सायक्लोपीडिया’. हिचा मूळपुरुष म्हणजे १८७९ मध्ये निघालेला डबे बांधणाऱ्यांचा शब्दकोश. कवितासंग्रहाच्या पहिल्या आवृत्तीसाठी कोणी इतकी पदरमोड केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पण ग्रंथ क्रमांक सांगतो, रूप सांगत नाही. रूपासाठी फोटो हवेत, आणि तिथे साधकाची खरी तपश्चर्या सुरू होते. फोटो काढणारे त्या काळीही इंजिनाचेच वेडे. वाघीण मिळते ती मागे, अर्धी, चौकटीने कापलेली, बरेचदा वाफेत. असा फोटो हाती आला की साधक इंजिनावर अंगठा ठेवतो, भिंग लावतो आणि डाव्या कोपऱ्यातल्या दाराच्या बिजागरीकडे टक लावून बसतो. फोटोतलं इंजिन कोणतं होतं, हे त्याला विचारू नये. त्याने पाहिलेलंच नसतं.

मग रंग. बहुतेक वाघिणी लोहाच्या ऑक्साइडने रंगवलेल्या असत. रसायनाच्या हिशेबाने म्हणाल तर आपला गेरूच. तुळशीवृंदावनाला गेरू लावताना छटेवरून आपल्याकडे कोणाचं घरदार मोडल्याचं ठाऊक नाही. तिकडे मात्र या एका रंगावर मातब्बर माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं आहे. जुन्या कृष्णधवल फोटोंचा आधार घ्यावा, तर त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ते सगळं काळपट उतरे. सुदैवाने जॅक डेलानो या छायाचित्रकाराने १९४२-४३ मध्ये सरकारी कामासाठी शिकागोच्या रेल्वे यार्डांचे रंगीत कोडाक्रोम फोटो काढले. ते आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, कोणालाही बघता येतात. डेलानोला युद्धकाळात राबणारी माणसं टिपायची होती. मागे वाघिणी आल्या, हा त्याचा निष्काळजीपणा आणि साधकांचं भाग्य. प्रोव्हिसो यार्डाच्या फोटोत रांगाच्या रांगा उभ्या आहेत: कुठली ताजी, कुठली काजळलेली, कुठली उन्हाने विटलेली. अशा पुराव्याने वाद मिटायला हवा होता. साधकांनी त्यातून निष्कर्ष काढला, की कोडाक्रोमच्या रंगांवर विसंबता येत नाही.

याहून उंच पायरी आहे ती प्रमाणाची. अमेरिकेतले साधे मालडबे मालकाच्या घरी राहत नसत. माल भरला की कुठल्याही कंपनीच्या रुळांवरून देशभर भटकत. त्यावरून एक सिद्धान्त मांडला गेला. देशातल्या एकूण मालडब्यांपैकी ज्या कंपनीचे जितके टक्के, तितके टक्के डबे कुठल्याही मुख्य मार्गावरच्या गाडीत सापडायला हवेत. पडताळा पाहायला जुन्या कंडक्टरांच्या वह्या शोधून काढल्या गेल्या. मालगाडीचा कंडक्टर म्हणजे आपला गार्ड. त्याने कंटाळून पेन्सिलीने टिपलेले डब्यांचे क्रमांक आज ताम्रपटाच्या मानाने वाचले जातात. आपण लिहितो ते कोणीतरी, कधीतरी इतक्या एकाग्रतेने वाचेल याची त्या बिचाऱ्याला कल्पना असती, तर त्याने अक्षर सुधारलं असतं.

सिद्धान्ताचा व्यवहारातला परिणाम फार उदात्त आहे. समजा, तुमचा जीव कॅन्ससमधल्या एखाद्या आडवळणाच्या रेल्वेवर जडला. तरी टेबलावर तुम्हाला पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा एक्स-२९ करावाच लागतो, आणि एक करून भागत नाही. १९२४ पासून हजारोंनी बांधलेला हा बुटका पोलादी डबा नंतरच्या उंच डब्यांच्या रांगेत खाली मान घातल्यासारखा दिसतो. तपकिरी, सपाट, नीरस. साधकाने त्याचे आठ-दहा नमुने करायचे आणि प्रत्येकात दाराचा किंवा ब्रेकचा फरक दाखवायचा. उलट लोणी, मांस, बिअर यांच्या जाहिराती रंगवलेले ते देखणे शीत-डबे, जे दुकानात लहान मुलं आधी उचलतात, ते निषिद्ध. आयोगाने १९३४ मध्येच तसल्या जाहिरातींवर बंदी आणली होती. सौंदर्याच्या मोहातून सुटायला इतर धर्मांत जन्म लागतात. इथे एका सरकारी आदेशाने काम झालं.

पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेले आमचे एक स्नेही आहेत. मूळचे मिरजेचे, म्हणजे जंक्शनचं पाणी प्यायलेले. आयुष्यभर पुलांचे आराखडे केले आणि आता तळघरात एक्स-२९ करतात. मी गेलो तेव्हा वाघीण पाठीवर निजवलेली होती. ‘एबी’ ब्रेकचे तीन वेगळे भाग असतात: सिलिंडर, हवेची टाकी आणि व्हॉल्व्ह. ते तिन्ही पोटाखाली आपापल्या जागी बसवायचे, तारेच्या नळ्यांनी जोडायचे, मग तरफा, मग बोगीकडे जाणारे दांडे. भोकं पाडायला ऐंशी नंबरचं ड्रिल, एक तृतीयांश मिलिमीटरचं, दोन बोटांत धरून फिरवायचं. ते मोडतं. मोडलं की भोकात अडकलेला तुकडा काढायचा आणि दुसरं घ्यायचं. श्वास तर मीसुद्धा रोखून धरला होता.

जिन्यावरून वहिनींची हाक आली, “अहो, पानं वाढलीत. भात निवतोय.”

“आलोच. व्हॉल्व्हचा गोंद ओला आहे.”

“तो दिसणार आहे का कुणाला?”

“नाही.”

“मग?”

“म्हणून तर नीट बसायला हवा.”

वहिनींनी यावर मला भात वाढला.

आता काही कुत्सित लोक दाखवून देतील, की ही वाघीण ज्या रुळांवर उभी राहणार त्यांच्या वळणाची त्रिज्या चोवीस इंच आहे. खऱ्या मापात ती १७४ फूट होते. इतकं आखूड वळण गोदीत किंवा कारखान्याच्या आवारात शोभेल. अल्टूनाजवळचं हॉर्सशू कर्व्ह, जे १८५४ पासून आहे आणि लोक मुद्दाम बघायला जातात, ते मापाने करायचं तर नुसत्या त्या वळणाला साडेचौदा फूट रुंदीची खोली लागेल. खरा मैल टेबलावर साठ फुटांचा होतो. अल्टूना ते जॉन्सटाउन हे ३९ मैल तळघरात मांडायचे, तर तळघर दोन हजार तीनशे फुटांहून लांब हवं. स्नेह्यांच्या तळघरात ही दोन गावं बारा फुटांवर आहेत आणि मधल्या ॲलेगेनी पर्वतामागे पाणी तापवायचा बंब आहे. एवढंच कशाला, दुकानी चाकं खऱ्यापेक्षा पावणेदोन पट रुंद असतात. यातलं काहीही स्नेह्यांना खुपत नाही. पर्वत प्लास्टरचा आहे हे सर्वांना दिसतं, तेव्हा त्यात कोणाची फसवणूक नाही. ब्रेकची तरफ चुकीची बसवली, तर ती कोणालाच दिसणार नाही, आणि असत्य म्हणतात ते यालाच. हा युक्तिवाद मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिला. त्यात फट सापडत नाही, म्हणूनच तो भीतिदायक आहे.

आणि या विद्येचा उपयोग नाही असं कोणी म्हणू नये. पेनसिल्व्हेनिया रेल्वे १९६८ मध्ये जुन्या प्रतिस्पर्ध्याशी एक होऊन पेन सेंट्रल झाली, आणि १९७० मध्ये या नव्या कंपनीने दिवाळं काढलं. पुढच्याच वर्षी असं उघडकीला आलं, की कंपनीचे दोनशेहून अधिक मालडबे बेपत्ता आहेत. पाकीट नव्हे, छत्री नव्हे, चाकांवरचे पोलादी डबे. ते इलिनॉयमधल्या एका चिमुकल्या रेल्वेवर सापडले, नव्या रंगात, नव्या नावाने. हजारो कारकून, मोठमोठी कार्यालयं आणि त्या काळचे संगणक असलेल्या कंपनीला आपल्या वाघिणी ओळखता येत नव्हत्या. तळघरातला कुठलाही साधक नुसती छपराची घडण आणि टोकाच्या पत्र्यावरच्या वळ्या बघून, वरच्या रंगाकडे ढुंकूनही न पाहता, त्या डब्यांची जन्मकुंडली सांगू शकला असता. त्याला कोणी विचारलं नाही. दिवाळं निघायची जी कारणं अर्थतज्ज्ञ देतात, त्यांत हे नसतं.

गुणवत्तेची दखल घेणारी एक संस्था आहे, हे त्यातल्या त्यात समाधान. १९३५ मध्ये मिलवॉकीत स्थापन झालेली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन प्रतिकृतींना १२५ पैकी गुण देते. त्यातले २५ गुण प्रतिकृती मूळ वस्तूशी किती जुळते याचे. आणि ते पुराव्यावर मिळतात; आराखडे, फोटो, कागद. पुरस्काराला साडेसत्त्याऐंशी गुण लागतात. स्नेह्यांची पुराव्याची फाइल मी हातात घेऊन पाहिली. तिच्यापुढे वाघीण कापसासारखी.

फाइल अजून पाठवलेली नाही. त्यांनी निवडलेल्या क्रमांकाच्या वाघिणीचा एकच फोटो मिळाला आहे, तोही डाव्या अंगाचा. उजवं अंग तसंच असेल असं धरून चालायला ते काही नवशिके नाहीत. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे कागद डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टनच्या हॅग्ली म्युझियममध्ये आहेत, तिथे पुढच्या महिन्यात जायचं ठरलं आहे. डेलावेअरमध्ये विक्रीकर लागत नाही, असं सांगून त्यांनी वहिनींना तयार केलं आहे.