साय गेली, साखर राहिली

पंगतीतल्या आग्रहाच्या जुन्या तऱ्हा आता चालत नाहीत. ‘माझी शपथ आहे तुम्हाला’ म्हटलं, तर समोरचा थेट रक्ताचे रिपोर्ट सांगू लागतो. म्हणून यजमानीणबाईंनी नवा मंत्र शोधलाय : ‘‘घ्या हो भावजी, बासुंदी लो फॅट डब्यातली आहे!’’ एवढ्यावर गोड वर्ज्य असलेले भावजीही वाटी पुढे करतात. कंडेन्स्ड मिल्कच्या त्या डब्यातून नक्की काय कमी झालं, हे विचारायची पंगतीत रीत नाही.

कमी झालेली असते फक्त साय. साखर जागची हलत नाही, कारण तिच्यावाचून डब्याचं भागत नाही. निर्वात भांड्यात दूध आटवण्याचं पेटंट अमेरिकेत गेल बोर्डेन यांनी १८५६ मध्ये घेतलं. घरोघरी फ्रिज यायला तेव्हा बराच अवकाश होता. आटवलेल्या दुधात भरपूर साखर घातली, की उरलेलं पाणी ती धरून ठेवते आणि जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. शंभर ग्रॅम डब्यामागे चाळीसहून अधिक ग्रॅम साखर ही अशी पहाऱ्यावर बसलेली असते. तिला रजा देता येत नाही.

आता बचतीचा हिशेब. शंभर ग्रॅममागे आठ-नऊ ग्रॅम असलेला स्निग्धांश निम्मा केला, तर सव्वातीनशे कॅलरींतल्या चाळीसेक वाचतात. तेवढ्यात गाजर हलव्यावर सढळ हातानं चमचाभर तूप सुटतं आणि सगळी बचत कढईतच संपते. शिवाय ‘आज हलकंच आहे’ म्हणून घेतलेली दुसरी वाटी राहिलीच. गंमत म्हणजे आपल्याकडच्या काही नेहमीच्या डब्यांवरही ‘अंशतः साय काढलेलं दूध’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. म्हणजे कित्येक घरांत वर्षानुवर्षं पथ्य चालू आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नाही!

तरी या डब्याला सरसकट नावं ठेवू नयेत. शहरात चीक मिळत नाही, तेव्हा दूध, दही आणि हा डबा एकत्र घुसळून, वर वेलची-केशर घालून, वाफेवर जो खरवस होतो, त्यात साय नसली तरी अडत नाही. दह्याच्या आंबटपणानं आणि वाफेच्या उष्णतेनं दुधातली प्रथिनंच आळतात. वड्या नीट पडतात. कुल्फीत मात्र साय कमी झाली, की दाताखाली बर्फ कचकचतो. आणि बासुंदीत तर काय, साय हेच मुख्य पात्र! ते गाळून उरतं ते वेलचीचं गोड दूध.

तेव्हा लो फॅट डबा खुशाल खरवसाला वापरावा. बासुंदीला म्हशीचं दूध, मंद आच आणि लहान वाटी हवी. लहान वाटीचं पेटंट मात्र अजून कुणी घेतल्याचं ऐकलं नाही. कमी वाढण्यात कुणालाच कमाई दिसत नसावी.