आमच्या कार्डाचं तेरावं

लग्नात गिऱ्हाईक शूटिंगवाल्याकडे बघत नाही, कॅमेऱ्याकडे बघतं. तळहातात मावणारा कॅमेरा घेऊन मांडवात शिरलं की एखादे तात्या हमखास विचारतात, "शूटिंगवाला अजून यायचाय का?" म्हणून मी काही वर्षांपूर्वी मुंबईहून, मालिकांच्या सेटवर उमेदीची वर्षं घालवून रिकामा झालेला, खांद्यावर घ्यायचा कॅमेरा आणला. तो खांद्यावर असला की वाढपीसुद्धा वाट सोडतात आणि करवल्या पदर सावरतात. खांदा गेला, पण इज्जत वाढली.

या कॅमेऱ्यात कॅसेट नाही, पी-टू नावाचं कार्ड लागतं. 2004 साली हे प्रकरण निघालं. लांबी-रुंदी व्हिजिटिंग कार्डाएवढी, जाडी पाच मिलिमीटर आणि पोटात चार एसडी कार्डं एकदिलाने काम करतात. आमच्या चार भावांना हे कधी जमलं नाही. मी ज्या दर्जाचं चित्र घेतो त्यात मिनिटाला साधारण एक जीबी खर्च होतो, म्हणजे 32 जीबीच्या कार्डात जेमतेम अर्धा तास. मंगलाष्टकं संपता संपता एखादी हौशी आत्या स्वतः रचलेलं आठवं कडवं घेऊन माइककडे सरकली की माझं लक्ष नवरानवरीवर नसतं, उरलेल्या मिनिटांवर असतं.

कार्तिकात तुळशीची लग्नं लागली आणि माणसांची सुरू झाली. पहिलंच काम दाभाडीचं. दोन कार्डं भरून दुकानात आलो, कार्ड रीडरमध्ये घातलं, रीडर संगणकाला जोडला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर मात्र काही नाही. कार्ड काढलं, फुंकर मारली, शर्टाला पुसलं, पुन्हा घातलं. दिवा हिरवा, पडदा कोरा.

भाच्याला बोलावलं. तो बीसीए करतो, म्हणजे घरात कुणाचाही मोबाइल अडकला की त्याचा अभ्यास बुडतो. त्याने दोन-चार ठिकाणी टिचक्या मारून एक यादी उघडली. तिच्यात आमच्या रीडरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह.

"मामा, अपडेट कधी केलं?"

"मी नाही केलं. त्याने केलं. मागे एका सकाळी चालू केला तर 'थोडं थांबा' म्हणत बसला होता. मी चहा पिऊन आलो."

दुखणं असं होतं. रीडर आणि संगणक यांच्यात एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमचा दुभाष्या जुन्या वळणाचा. अपडेटने 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचा नवा पहारेकरी दारात बसवला होता आणि तो जुन्या ओळखपत्रावर कुणाला आत सोडत नव्हता. रीडर धड, कार्ड धड, संगणक धड. बिघडलं कुणाचंच काही नव्हतं, आणि तेच तर दुखणं. बिघडलेली वस्तू आम्ही दुरुस्त करतो. न बिघडलेलीचं काय करायचं?

"पहारेकऱ्याला उठवू का?" भाच्याने विचारलं. त्याच संगणकावर माझं बँकेचं खातं आणि जीएसटी. मी म्हटलं, "नको, बसू दे त्याला."

"मग अपडेट मागे घेऊ. पण दहा दिवसांच्या आत मागे फिरता येतं."

मी बोटांवर दिवस मोजले. दहावं उलटून गेलं होतं. आमचं तेरावं होतं.

आता मालेगावात कॅमेऱ्यापुढे हात टेकायचे म्हणजे गावाच्या नावाला बट्टा. नासिर शेख यांनी 2000 साली इथे 'मालेगाव के शोले' केला, तो दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून संकलन करत. ट्रॉली नव्हती तर सायकल, क्रेन नव्हती तर बैलगाडी. पुढे फैजा अहमद खान यांनी इथल्या चित्रपटवेडावर माहितीपट केला, आणि 2025 च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा चित्रपटही आला. मी त्याच काळातला. व्हीसीआर रुसला तर चार स्क्रू काढायचे, हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, स्पिरिट नसेल तर दहाची कोरी नोट. व्हीसीआर मरतानासुद्धा कॅसेट चावून, आवाज करून मरायचा. अपडेटला स्क्रू कुठे असतो?

दरम्यान दाभाडीहून फोन सुरू झाले. "काय व्हयनं भाऊ?" नवरीचे वडील कांद्याचे शेतकरी. भाव विचारायची सवय असल्याने रोज सकाळी त्याच सुरात फिलमची चौकशी करायचे, आणि मीही बाजार समितीसारखंच उत्तर द्यायचो, "आज काही सांगता येत नाही, उद्या बघू."

शेवटी चुलतभाऊ आठवला. त्याच्याकडे सुताचा हिशेब ठेवायला घेतलेला, विटेएवढा जाड एक लॅपटॉप माळ्यावर पडून होता. त्याला कधी नेट लागलं नव्हतं, म्हणून अपडेटही शिवलं नव्हतं. त्याच्या कुशीला एक फट होती आणि फटीत प्लास्टिकची खोटी पट्टी. भाच्याला वाटत होतं हवा जायला ठेवलीय. पट्टी उपसली आणि पी-टू कार्ड आत सरकवलं. रीडर नाही, वायर नाही. ही कार्डं मुळात त्याच फटीसाठी बेतलेली. कॅमेऱ्याबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी बायकोने देवघराच्या खणात, वास्तुशांतीच्या सीडीखाली जपून ठेवली होती. ती चालली. कार्ड दिसलं! मी नकळत हात जोडले.

एकच अडचण. लॅपटॉपची बॅटरी मेलेली. दुकानात इन्व्हर्टर आहे, पण वीज गेल्यावर तो जागा व्हायला पापणी लवण्याइतका वेळ घेतो आणि तेवढ्यात बिनबॅटरीचा लॅपटॉप आडवा होतो. गुरुवारी कॉपी लावली. आमच्याकडे वीज गेलेली डोळ्यांनी कळायच्या आधी कानांनी कळते: पलीकडच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबतो आणि गाव बहिरं झाल्यासारखं वाटतं. ऐंशी टक्के झाले होते. खडखडाट थांबला. आम्ही एकमेकांकडे बघेपर्यंत पडदा काळा. नशीब, कार्डावरून वाचायचंच काम चाललं होतं, लिहायचं नव्हतं. माल शाबूत राहिला.

शुक्रवारी पुन्हा. शुक्रवारी माग बंद असतात. म्हणजे आता इशाराही मिळणार नव्हता. मी पंख्याकडे बघत बसलो, भाचा आकड्याकडे. मधे एक बाई पासपोर्ट फोटोला आल्या, त्यांना मी कुजबुजत सांगितलं, "ताई, तासाभराने या." त्यांना वाटलं आत कुणी आजारी आहे.

दोन्ही कार्डं उतरली. नव्या संगणकावर लावून बघितलं. नवरी गळ्यात पडून रडतेय, आईचे ओठ हलतायत, आवाज शून्य. बँडवाला गाल फुगवून मुका. मी घाम पुसला. भाच्याने फक्त 'व्हिडिओ' नावाचा फोल्डर उचलला होता. या कार्डात चित्र एका फोल्डरात आणि आवाज दुसऱ्यात राहतो. एका घरात राहून वेगळी चूल. दोघांना एकत्र ठेवायचं तर अख्खं 'कंटेंट्स' फोल्डर जसंच्या तसं न्यावं लागतं, आतली एक वस्तू इकडची तिकडे करायची नाही. पुन्हा माळ्यावरची वीट, पुन्हा पंखा.

फिलम गेली. दाभाडीच्या पाव्हण्यांनी ती अख्खी बघितली आणि एकच तक्रार केली, आत्याचं आठवं कडवं अर्ध्यात कापलंय. मी म्हटलं, अपडेटमुळे. मानलं त्यांनी.

लॅपटॉपवर आता भाच्याने खडूने लिहिलंय: 'नेट जोडू नये'. तो माळ्यावर नाही, टेबलावर असतो. मात्र सीझन मार्गशीर्षातही चालू राहणार आणि वीज काही सांगून जात नाही. तेव्हा कुणाच्या माळ्यावर अशाच जाडजूड लॅपटॉपची जिवंत बॅटरी पडून असेल तर मोसम पुलाच्या अलीकडे स्टुडिओत आणून द्यावी. घरातल्या एका लग्नाचं शूटिंग निम्म्या दरात करून देईन, आत्यासकट.