पानिपतची रसद

दरवर्षी संक्रांतीच्या दिवशी पानिपतच्या काला आंबला महाराष्ट्रातून माणसं जमतात. भगवे फेटे, ढोल-ताशे, स्वतःला त्या लढाईनंतर मागे राहिलेल्यांचे वंशज मानणारे हरियाणातले रोड मराठा, भाषणाला आलेले पुढारी, असा मोठा सरंजाम असतो. १४ जानेवारी १७६१ ला पडलेल्या वीरांपुढे सगळे हात जोडतात. जोडण्यापुरता मोबाईल काखेत धरतात. सकाळचं धुकं विरून ऊन पडलं, की स्मारकाभोवती 'नमस्कार मित्रांनो' हे शब्द एकदम आठ दिशांनी ऐकू येतात. प्रत्येक मित्रांनोवाल्याला आपल्या चौकटीत दुसरा मित्रांनोवाला नको असतो. त्यामुळे एकमेकांना चुकवत ही भाऊगर्दी दिवसभर स्तंभाला प्रदक्षिणा घालत राहते.

या गर्दीत आमचा पुतण्याही होता. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, शनिवार-रविवार गडांवर असतो आणि उरलेल्या रात्री व्हिडिओ कापत बसतो. दिल्लीहून येताना मूरथलला पराठ्यासाठी थांबलो, तेव्हा लोण्याचा गोळा पराठ्यावर विरघळायची वाट बघत तो म्हणाला, "काका, नोकरी सोडून हेच फुल टाइम करावं म्हणतोय. तुम्ही बाबांशी बोला." आमच्या घरात थोरल्या भावाच्या कानावर वाईट बातमी घालणं हे माझं वंशपरंपरागत वतन आहे. म्हटलं, "आधी हिशेब सांग."

हिशेब त्याला तोंडपाठ होता. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायचा, तर आधी हजार सबस्क्रायबर हवेत आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी पाहिलेलं हवं. छोट्या शॉर्ट्सवर भिस्त असेल, तर नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिलं जायला हवं. चार हजार तास म्हणजे एकाच माणसानं जेवणखाण नि झोप सोडून साडेपाच महिने आपल्याकडे टक लावून बसायचं. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचा तळसुद्धा पानिपतात अडीच महिनेच होता. मग मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपले, ४५ कंपनीचे. कमाई दहा डॉलरवर गेली, की पत्ता खरा आहे का हे पाहायला टपालानं एक पिन येतो. पुतण्याचं ते पाकीट पोस्टमननं आणलं, तेव्हा वहिनींनी ते देवापुढे ठेवलं होतं. शंभर डॉलर होईपर्यंत मात्र हातात दमडी पडत नाही, त्यामुळे देवालाही पुढचे काही महिने वाट पाहावी लागली.

त्यात आणखी एक गोम आहे. जाहिरातींचे दर दिवाळीपासून वर्षअखेरीपर्यंत चढे असतात आणि जानेवारीत आपटतात, कारण कंपन्यांचे वर्षाचे पैसे तोवर खर्चून झालेले असतात. पानिपतवर व्हिडिओ पाहणाऱ्यांचा हंगाम नेमका जानेवारीत. म्हणजे पानिपतावर जाणाऱ्या मराठी माणसाची संक्रांत अजून चुकलेली नाही.

दुपारी आम्ही शहरात गेलो. पानिपत आपल्या लेखी रणांगण असलं, तरी पानिपतकरांच्या लेखी ते कांबळी-चादरींचं गाव आहे. जगभरातले टाकून दिलेले लोकरी कपडे इथे येतात, रंगांप्रमाणे निवडले जातात, फाडून-पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं आणि त्या सुताची कांबळी होतात. रंग आधीच निवडलेले असल्यामुळे पुष्कळदा पुन्हा रंगवावंही लागत नाही. मला ते पाहताना इतिहासाचे व्हिडिओ आठवले. तोच नकाशा, सिनेमातला तोच घोडा, तीच ढगांच्या गडगडाटाची फीत. निवडायचं, पिंजायचं, नवं कांबळं. पुतण्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "पण ऊब लागते ना?" मी गप्प बसलो.

बाजारात चादरी किलोवर मिळतात. एका ठोक व्यापाऱ्याच्या गादीवर चहा घेताना पाहिलं, की त्याचे स्वतःचेच व्हिडिओ पडद्यावर चालू आहेत: गोदाम, थप्प्या, भाव, फोन नंबर. दिल्लीचा एक पोरगा येऊन चित्रण करून जातो आणि शेठ त्याला त्याचे पैसे देतो. पुतण्यानं मोठ्या आशेनं विचारलं, "इससे कितनी कमाई होती है?" शेठनं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "भाई साहब, वीडियो से कमाई थोड़े ही होती है, वीडियो से कंबल बिकता है."

हे वाक्य मी मनात दुमडून ठेवलं. कारण आपल्याकडे ज्यांचं या धंद्यात बस्तान बसलं आहे, त्यांच्या घरी डोकावलं तरी कुठे ना कुठे कांबळं दिसतंच. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना स्वयंपाकाचे व्हिडिओ सुरू केले. आज त्यांच्या नावाचे मसालेही विकले जातात. २०१६ साली सुरू झालेली भाडिपाची मंडळी यूट्यूबवर विनोद करतात, पण कंपन्यांसाठी व्हिडिओ करतात आणि तिकीट लावून प्रयोगही करतात. जाहिरातीचा वाटा हा त्यांच्या ताटातला एक पदार्थ आहे, अख्खं ताट नाही.

ताटात एकच पदार्थ असला की काय होतं, हे आपण पाहिलं आहे. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं, आणि गावोगावचे नट-नट्या रात्री प्रसिद्ध म्हणून झोपले ते सकाळी नुसतेच शेजारी म्हणून उठले. त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', यांचा चॅनेलच कोणी तरी पळवला. काही दिवसांनी तो परत मिळाला. पानिपतनंतरही सदाशिवरावभाऊंच्या नावानं एक तोतया उभा राहिला होता आणि त्यानं १७७६ पर्यंत पेशवाईला घाम फोडला. खरा कोण हे ठरवायला तेव्हा पंच बसवले होते. आता कंपनीला ईमेल करून वाट पाहायची. वाट पाहण्याचा काळ तेवढा घटला.

भाऊंचा विषय निघाला, तर तो नीट बोलू. पानिपत झालं ते नेमकं कशामुळे, यावर मराठी माणसं अडीचशेहून जास्त वर्षं भांडत आहेत. तोफा की घोडे, होळकर की गारदी, हे चालूच राहील. पण फौज उपाशी होती, यावर सगळ्यांचं एकमत आहे. भाऊसाहेब दिल्लीला आले तेव्हाच खजिना आटला होता. त्यांनी दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली. नवा कॅमेरा घ्यायला मुदतठेव मोडणाऱ्या तरुणांनी हा प्रसंग जरूर वाचावा. १७ ऑक्टोबर १७६० ला कुंजपुरा घेतला. धान्य मिळालं, पैसा मिळाला, तळावर आनंदीआनंद झाला. एक व्हिडिओ अचानक दहा लाख लोकांनी पाहावा, तसा हा कुंजपुरा. लोक नोकरीचा राजीनामा देतात ते बहुधा कुंजपुऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पण लगेच त्याच महिन्यात शत्रू अहमदशाह अब्दालीनं बागपतला यमुना ओलांडली आणि दक्षिणेची वाट अडवली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कुंजपुरे अधूनमधून मिळतात. गोविंदपंत रोज लागतात.

मग मी पुतण्याला असं काही सांगितलं, जे पानिपतावर भाषण करणारा एकही वक्ता सांगत नाही. ज्यांनी हे पानिपत आपल्यापर्यंत पोहोचवलं, ते बहुतेक पगारदार होते. लढाई डोळ्यांनी पाहून तिची हकिकत लिहिणारे काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी नोकरीला होते, आणि फारसीतली ती हकिकत त्यांनी लिहिली १७८० साली. 'पानिपत : १७६१' लिहिणारे त्र्यंबक शंकर शेजवलकर डेक्कन कॉलेजात होते. १९८८ साली आलेली आणि घराघरात पोहोचलेली 'पानिपत' कादंबरी लिहिणारे विश्वास पाटील सरकारी अधिकारी होते. मराठी माणसाला पानिपतचं वेड लागलं, ते पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्या हातांनी लावलं.

"ती जुनी माणसं झाली," पुतण्या म्हणाला, "आणि आपली." ठीक, मग खुद्द पानिपतकरांची घेऊ. उर्दूतले थोर कवी आणि टीकाकार अल्ताफ हुसेन हाली इथलेच, जन्म १८३७ चा. लाहोरच्या सरकारी पुस्तक भांडारात त्यांनी इंग्रजीतून भाषांतरलेल्या पुस्तकांचं उर्दू दुरुस्त केलं, मग दिल्लीत शाळामास्तरकी केली. 'मुसद्दस' हे दीर्घकाव्य लिहून झालं, नाव झालं, तरी मास्तरकी सुटली नाही. हैदराबाद संस्थानाकडून दरमहा तनखा बांधून मिळाला, तेव्हा कुठे त्यांनी नोकरी सोडली आणि पानिपतात येऊन पूर्ण वेळ लिहायला बसले. म्हणजे हाली फुल टाइम झाले, पण आधी सबस्क्रिप्शन ठरलं, मग राजीनामा.

त्यांचे पणतू ख्वाजा अहमद अब्बास हेही पानिपतचे, १९१४ चा जन्म. हा तर मुंबईत येऊन चित्रपटच काढणारा माणूस. म्हणजे पुतण्याच्याच जातकुळीचा. पण 'लास्ट पेज' हे सदर त्यांनी १९३५ पासून आधी 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये, मग 'ब्लिट्झ'मध्ये, १९८७ साली मृत्यू येईपर्यंत लिहिलं. राज कपूरसाठी 'आवारा' लिहिला, 'श्री ४२०' लिहिला, 'बॉबी' लिहिला. आणि स्वतःला हवे ते 'शहर और सपना', 'सात हिंदुस्तानी' यांसारखे चित्रपट स्वतः काढले. 'शहर और सपना'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. 'सात हिंदुस्तानी'नं अमिताभ बच्चन मिळवून दिला, पण त्याची कमाई दुसऱ्यांच्या चित्रपटांत झाली. अब्बास यांनी सदराला आणि 'बॉबी'ला कधी कमी लेखलं नाही. तीच त्यांची रसद होती.

पुतण्यानं इथे आपला हुकमी पत्ता टाकला. "आणि नीरज चोप्रा?" तोही इथलाच, पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावचा, रोड समाजातला. लहानपणी वजन उतरवायला घरच्यांनी त्याला पानिपतच्या स्टेडियममध्ये धाडलं. त्या स्टेडियमचं नाव शिवाजी स्टेडियम, हे ऐकून आम्हा दोघांनाही उगाचच बरं वाटलं. तिथे त्यानं भाला उचलला, आणि चेक प्रजासत्ताकाच्या यान झेलेझ्नीच्या फेकी यूट्यूबवर बघून बघून घोटल्या. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटर फेकून त्यानं सुवर्णपदक आणलं. २०२४ च्या नोव्हेंबरात तर तोच झेलेझ्नी त्याचा प्रशिक्षक झाला.

"बघा," पुतण्या म्हणाला, "व्हिडिओनं माणूस घडतो." घडतो ना. पण नीरज २०१६ साली सैन्यात नायब सुभेदार झाला होता. भाला एका हातात आणि पगार दुसऱ्या. आणि झेलेझ्नीच्या त्या फेकी ज्या कोणी यूट्यूबवर चढवून ठेवल्या, त्यांना किती डॉलर मिळाले, हे विचारायला कोणी गेलं नाही. त्या व्हिडिओंची खरी किंमत खंडऱ्याच्या पोराला कळली. जाहिरातदाराला ती मोजता येणार नव्हती. या धंद्याची खरी अडचण ही आहे. काम पूर्ण वेळचं असतं, मोल कधी कधी सोन्याचं असतं, आणि पैसे मात्र तिसऱ्याच कोणाच्या लहरीवर येतात. म्हणून व्हिडिओ करू नयेत असं नाही. लहरीवर घर चालवू नये, एवढंच.

परतीच्या गाडीत आम्ही तह केला. कलमं अशी: नोकरी चालू राहील. गड चालू राहतील. विकायला एखादं कांबळं शोधावं. पुस्तक, गडांच्या सहली, शाळांसाठी तासिका, काहीही. आणि सलग वर्षभर चॅनेलनं घराचा हप्ता भरला, तर राजीनाम्याबद्दल मी भावाशी बोलेन. नुसता एक कुंजपुरा झाला, तर बोलणार नाही. पुतण्यानं कलमं मान्य केली, फक्त 'कांबळं' हा शब्द त्याला आवडला नाही.

हा तह भावाला सांगितला, तेव्हा त्याची प्रतिक्रिया मात्र मला अनपेक्षित होती. तो महापालिकेतून निवृत्त झाला आहे. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पोराचं राहू दे. मला सांग, ते चार हजार तास मोजायला कुठल्या दिवसापासून सुरुवात होते?" गच्चीतल्या कुंड्यांवर त्याचे अकरा व्हिडिओ होऊन गेले होते आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या प्रश्नाचं चोख उत्तर आमच्या घरातच बसलं होतं. निवृत्तिवेतन म्हणजे हालींचा तनखा. दर महिन्याला येतं, जानेवारीतही आपटत नाही, व्ह्यूज विचारत नाही. महाराष्ट्रात हजारो माणसं आज कुंड्यांवर, ओव्यांवर, गुडघेदुखीवर निर्धास्तपणे पूर्ण वेळ व्हिडिओ करत आहेत, आणि त्यांच्यातल्या एकालाही हे करिअर टिकेल का, ही चिंता नाही.

पुतण्यानं मोबाईलवर वजाबाकी केली. निवृत्तीला अजून एकतीस वर्षं. "तोवर," तो म्हणाला, "बाबांना माझ्या चॅनेलवर पाहुणे म्हणून बोलावतो. त्यांचे सबस्क्रायबर जास्त आहेत."