धोंड्याचं वाण

अधिक महिन्यात जावयाला विष्णूचं रूप मानतात आणि तेहेतीस अनारसे देऊन त्याची बोळवण करतात. २०२३ च्या अधिक श्रावणात साताऱ्याला मला अनारसे मिळाले, चांदीचं निरांजन मिळालं, आणि मी ताटावरून उठता उठता सासरे, म्हणजे अण्णा, म्हणाले, "जावईबापू, परसातली गाडीही आता तुमचीच." या महिन्याला धोंड्याचा महिना का म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. धोंडा सुमारे नऊशे किलोचा होता.

गाडी १९७३ ची. अण्णांनी नंबर लावला तेव्हा ते बिनलग्नाचे होते. मग त्यांचं लग्न झालं, मग माझी बायको जन्मली, ती चालायला लागली आणि एकदाची कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी आली. आधी हिला फियाट म्हणत. हिच्या वेळेला ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. लोकांनी मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. लग्नात नाव बदललं तरी माहेरचे जुन्याच नावाने हाक मारतात, त्यातलाच प्रकार.

चिंचेखाली वीस वर्षं उभी असल्यामुळे मागच्या सीटवर मांजरीची तीन बाळंतपणं झाली होती. मी रुबाबात ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, पाय खाली ठेवले आणि ते थेट अण्णांच्या परसात टेकले. खालचा पत्रा केव्हाच मातीला मिळाला होता.

गाडी टेम्पोवर चढवून खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याला आणली. आठच दिवसांनी दारात अण्णा उभे. हातात पिशवी, पिशवीत धोतरं आणि दहा-अकराचा पाना. "तिला नव्या घरी करमायचं नाही," म्हणाले. मुलीच्या लग्नात त्यांनी पाठराखीण पाठवली नव्हती. गाडीबरोबर मात्र स्वतःच आले.

सोसायटीत दुसऱ्या दिवशी सूचना लागली : 'पार्किंगमध्ये भंगार ठेवू नये.' तिसऱ्या दिवशी ती लावणारे अध्यक्षच बोनेटवर हात फिरवत उभे दिसले. त्यांच्या मामांकडे अशीच होती, पुढे चौघं आणि मागे सहा जण बसून ते जेजुरीला गेले होते. पुढच्या महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की महाराष्ट्रात प्रत्येकाच्या मामाकडे फियाट होती आणि ते सगळे मामा जेजुरीला गेले होते. आठवण सांगायला वीसजण यायचे. बॅटरी धरायला एकही थांबायचा नाही.

आधी मी जवळच्या एका चकचकीत गॅरेजातला मुलगा बोलावला. त्याने सगळ्या बाजूंनी पाहणी केली आणि नम्रपणे विचारलं, "काका, स्कॅनर कुठे लावायचा?" अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग एक म्हातारे मिस्त्री सापडले. त्यांनी फक्त बोनेट उघडून वास घेतला आणि म्हणाले, "पेट्रोलचं वार्निश झालंय." टाकी काढली. आतून जे निघालं ते द्रव होतं की घन, यावर दोघा वृद्धांचा अर्धा तास वाद झाला.

पत्र्याचं काम, लांबी, रंग हे पैशाचं काम. पैसे गेले, काम झालं. खरी परीक्षा सुट्या भागांची. नाना पेठेत मी मागच्या दिव्याची काच मागितली तेव्हा दुकानदाराने मला बसायला खुर्ची दिली. दिवा नव्हता, पण त्याच्याही मामाकडे फियाट होती. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार, हा आमचा वारच ठरला. तिथे एका गोणपाटावर दाराची मूठ सापडली. विकणारा तिला कपाटाची मूठ समजत होता. अण्णा ती घासाघीस करून घेत होते, तेवढ्यात मी आनंदाने ओरडलो, "अण्णा, ही फियाटचीच!" किंमत जागच्या जागी तिप्पट झाली. त्यानंतर मला बाजारात तोंड उघडायची बंदी झाली.

त्याच ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, ती संपली. पेपरात फोटो आले, सगळे हळहळले. मिस्त्रींनी पेपर घडी करून ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "चला, आता सामान मिळेल."

इंजिन बांधून झालं तेव्हा वायरी जोडायचं काम मी हट्टाने माझ्याकडे घेतलं. चार प्लग, चार वायरी. शिकलेला माणूस, एक-दोन-तीन-चार अशा जोडल्या. सेल्फ मारल्याबरोबर कार्बोरेटर असा शिंकला, की पार्किंगमधल्या तीन नव्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजायला लागले. अण्णा म्हणाले, "एक-तीन-चार-दोन. आमच्या वेळी हाही पाढा होता."

मग त्यांनी डेलकोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडायला लावलं. आत पॉइंट नावाची दोन इवलीशी टोकं असतात. ती उघडझाप करतात तेव्हा ठिणगी पडते. दोघांत अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी अंतर लागतं : जास्त झालं तर गाडी धापा टाकते, कमी झालं तर उठतच नाही. अण्णांनी टोकं पॉलिश पेपरने पुसली, स्क्रू ढिला केला, मधे पाती सरकवली, डोळे मिटले आणि पाती ओढून पाहिली. "लोण्यातून सुरी ओढल्यासारखी यायला हवी," म्हणाले आणि माझं बोट पातीवर ठेवलं. चोवीस वर्षांत आमच्यात 'या', 'बसा' आणि 'निघालात?' एवढाच संवाद झाला होता. त्या दिवशी ते तासभर बोलले. मे महिन्यात खंबाटकी चढताना गाडी हटकून बंद पडायची. पाइपात पेट्रोलची वाफ व्हायची. मग सासूबाई तांब्यातलं पाणी पदराच्या टोकावर ओतून ते टोक इंजिनाच्या पेट्रोलपंपावर धरायच्या. "पदराला काळा डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही," म्हणाले आणि बराच वेळ पाती पुसत राहिले.

चोक दोन बोटं ओढला, सेल्फ मारला. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. वर गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी गाडी पहिल्यांदा कुठे न्यायची तेही जाहीर केलं : जेजुरीला.

तेवढ्यात कायदा आडवा आला. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला फी वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी नेता येते. म्हणजे आमच्या गाडीची जी दिनचर्या होती, तीच सरकारने लिहून काढली होती. नियम वाचून बायको म्हणाली, "पन्नासच्या वर, मूळ रूपात, रोजच्या कामाला उपयोग नाही. आधी तुझी नोंदणी करून घे."

अण्णा आता साताऱ्याला परतलेत. दर रविवारी फोन येतो. आधी गाडीची चौकशी, मग मुलीची, तीही वेळ उरला तर. २०२६ मध्ये १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, हे त्यांनी कालनिर्णयात बघून ठेवलंय. गेल्या फोनवर म्हणाले, "जावईबापू, यंदा वाण काय देऊ? माळ्यावर एक लॅम्ब्रेटा आहे."

मी अनारसे मागितलेत. तेहेतीस, मोजून.