नाक इतकं सरळ नव्हतं

भिंतीवरचा फोटो खराब होत असतो तोवर त्याच्याबद्दल घरात कुणालाही मत नसतं. तो पिवळा पडतो, कसर त्याच्या कडा कुरतडते, पावसाळ्यात भिंतीची ओल चौकटीत शिरते. दर दिवाळीला कुणीतरी ओल्या फडक्याने काच पुसून तो पुन्हा खिळ्याला अडकवतं. पण तोच फोटो दुरुस्त करून समोर ठेवा, की ज्यांनी वर्षानुवर्षं मान वर करून त्याच्याकडे पाहिलेलं नसतं तेही चष्मा पुसून पुढे सरकतात. "छान झालाय हं," म्हणतात. मग क्षणभर थांबतात, आणि 'पण' येतो. जुन्या फोटोची दुरुस्ती हे काम हातापेक्षा कानाचं जास्त आहे, असं माझं मत होत चाललं आहे.

आमचा फोटो 1941 सालचा, राजापूर तालुक्यातल्या घरच्या अंगणातला. थोरल्या काकांची मुंज. मधोमध गोटा केलेला, हातात दंड घेतलेला, अत्यंत नाराज बटू. शेजारी काळ्या कोटातले आबा, दुसऱ्या बाजूला नऊवारीतली आजी, तिच्या मांडीवर दीड-दोन वर्षांची माझी आत्या, मागे नातलगांची रांग. डावीकडचा खालचा कोपरा कसरीने फस्त केलेला. मधून एक आडवी घडी गेलेली, ती नेमकी आजीच्या नाकावरून. आणि फोटो काचेला चिकटलेला. हे चिकटणं कोकणात ठरलेलंच. जुन्या फोटोंतली चांदी कागदावर जिलेटिनच्या थरात बसवलेली असते. दमट हवेत तो थर फुगतो, चिकट होतो आणि समोरची काच धरून बसतो. बुरशीलाही तो आवडतो. जिलेटिन हे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढतात, ही माहिती मी आत्याला दिलेली नाही. मुंजीचा फोटो आहे.

दुरुस्ती केली माझ्या भाच्याने. त्याचं पहिलं शहाणपण हे की त्याने फोटो काचेपासून सोडवायचा प्रयत्नच केला नाही. ओढला असता तर आबांचा अर्धा चेहरा काचेवर आला असता. त्याने काचेसकट वरून कॅमेऱ्याने टिपला, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड सोडून, म्हणजे चमक येत नाही. मूळ फोटोला पुढे हात लावायचा नाही, जे काही करायचं ते संगणकावरच्या प्रतीवर, हा या कामातला पहिला नियम. तो पाळला की बाकी कितीही गोंधळ घातला तरी चालतं, असं तो म्हणाला. गोंधळ घालायला आम्ही होतोच.

गणपतीत सगळे गावी जमतात. दुसऱ्या दिवशी रात्री आरती, मंत्रपुष्पांजली, प्रसाद असं सगळं उरकल्यावर भाच्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आबा-आजी एकदम तीन फुटी झाले. पहिली दाद आली ती न्यू जर्सीहून, चुलतभावाचा नुसता अंगठा. मग धाकटे काका बोलले.

"नाक इतकं सरळ नव्हतं."

आजीच्या नाकाची माहिती आमच्याकडे फारच थोडी. घडीने मधला भाग खाल्लेला, आणि तिचा दुसरा फोटो म्हणजे काशीयात्रेतला, त्यात ती शेवटच्या रांगेत, चेहरा तांदळाएवढा. भाच्याने घडीच्या वरचं आणि खालचं धरून मधलं जुळवलं होतं. आत्या म्हणाली, "बसकंही नव्हतं. नथीच्या ओझ्याने डावीकडे जरा ओढल्यासारखं होतं." चुलतबहिणीला मात्र आहे तेच नाक पसंत. तिचं स्वतःचं नाक सरळ आहे. धाकट्या काकांचं बसकं. नाकावरची ती चर्चा पाऊण तास चालली. कोण कुठल्या बाजूला बोलतंय हे पाहायला आवाज बंद करून नुसते चेहरे पाहिले असते तरी पुरलं असतं. आपल्या चेहऱ्याचा उगम वर भिंतीवर सापडावा अशी प्रत्येकाची माफक इच्छा होती.

डोंबिवलीला आमच्या गल्लीत पूर्वी स्टुडिओ चालवणारे एक गृहस्थ राहतात. त्यांना मी नंतर प्रत दाखवली. त्यांनी नाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "डोळ्यांत उजेडाचा ठिपका दोन-दोन जागी आहे. मांडवात उजेड एका बाजूने येतो. हे यंत्राने घातलंय." मी भिंग घेऊन पाहिलं. होता. अख्ख्या कुटुंबाच्या डोळ्यांत जणू दोन-दोन खिडक्या. मग ते आपल्या काळातल्या टचिंगबद्दल बोलत बसले. निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि कठीण शिशाची पेन्सिल सुईसारखी टोकदार करून तिच्यावर अगदी हलके ठिपके द्यायचे. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर विरळ दिसते. तिथे शिसं भरलं की छापताना सुरकुती उजळते आणि माणूस दहा वर्षांनी लहान होतो. उलट काही गडद करायचं असेल तर ब्लेडच्या टोकाने खरवडायचं. लग्नाला दाखवायच्या मुलींचे फोटो असले की पेन्सिल जास्त लागायची, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अपराधीपणाचा लवलेश नव्हता. हल्लीची यंत्रं फोटो खोटे करतात म्हणून जो गळा काढला जातो, तो काढणाऱ्यांनी आपल्या आईचा लग्नाआधीचा फोटो एकदा भिंगातून पाहावा.

यंत्र खोटं कसं करतं, हे मात्र पाहण्यासारखं आहे. 1990 साली फोटोशॉप आलं. 2002 च्या आवृत्तीत डाग बुजवणारा ब्रश आला. या सगळ्यांत शेजारचा तुकडा उचलून डागावर बसवायचा, म्हणजे जे भरायचं ते त्याच फोटोतलं असायचं. आता जी चेहरे सुधारणारी यंत्रं निघाली आहेत त्यांनी लाखो चेहरे पाहिलेले असतात. धूसर चेहरा दिला की ती त्या जागी, असू शकला असता असा एक चेहरा बसवतात. भाच्याने गंमत म्हणून एक प्रत अशा यंत्रातूनही काढली होती, आणि ती टीव्हीवर आली तेव्हा घर हसून कोसळलं. आजीच्या मांडीवर एक गुटगुटीत, टपोऱ्या डोळ्यांचं, पावडरच्या डब्यावर शोभावं असं बाळ बसलं होतं.

"ही कोण?" आत्या म्हणाली.

"आजी, तूच."

"छे. मी हलले होते."

मूळ फोटोत आत्याच्या चेहऱ्याच्या जागी आहे एक पांढरट भोवरा. मांडवाच्या सावलीत फोटो घ्यायचा तर झाकण क्षणभर उघडं ठेवावं लागे. तेवढा वेळ मोठी माणसं श्वास कोंडून उभी राहिली, आणि आत्याने मान फिरवली. रत्नागिरीहून आणलेल्या फोटोवाल्याची एक काच फुकट गेली म्हणून तिला त्या वयात धपाटा बसला, अशी घरातली वदंता आहे. तो भोवरा म्हणजे बिघाड नव्हे, त्या दिवशी घडलेली गोष्ट आहे. पण यंत्राला बुरशी आणि आत्या यांतला फरक कळत नाही.

आबांच्या गालांचंही तेच. आबांच्या तोंडावर देवीचे वण होते. यंत्राने ते डाग समजून पुसले आणि आबा लोण्यासारखे गुळगुळीत करून टाकले. यात त्याचाही फार दोष नाही. भारत देवीमुक्त जाहीर झाला 1977 साली. यंत्राला शिकवणी दिली ती बहुतेक त्यानंतरच्या चेहऱ्यांची. त्याने देवीचे वण पाहावेत कुठून? धाकटे काका म्हणाले, "बरं झालं गेले. आबांना त्यांची लाज वाटायची." आत्या म्हणाली, "मला त्यांच्यावरून बोट फिरवल्याशिवाय झोप यायची नाही." दोन्ही अभिप्राय भाच्याने वहीत लिहून घेतले. दोन्हींवर एकाच वेळी अंमल कसा करायचा, हे काही त्याला आम्ही सांगितलं नाही.

मग रंग. काळ्या-पांढऱ्याला रंग द्यायचा मोह मलाही आवरला नसता. यंत्राने आजीच्या लुगड्याला निळा रंग दिला. काकू म्हणाल्या हिरवा होता, आत्या म्हणाली अंजिरी. काकू लग्न होऊन आल्या त्या 1968 साली, पण मत ठाम. इथे मला स्टुडिओवाल्या गृहस्थांचं बोलणं कामी आलं. त्या काळच्या बऱ्याचशा काचा आणि फिल्मी तांबड्या रंगाला आंधळ्या असत. म्हणून तर डार्करूममध्ये तांबडा दिवा चालायचा. जे तांबडं ते फोटोत काळं उतरायचं. जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू काळं ठिक्कर दिसतं ते त्यामुळे. आजीचं लुगडं फोटोत पार काळवंडलेलं, तेव्हा तांबूस घराण्यातलं असण्याचा संभव जास्त, म्हणजे आत्याचं अंजिरी जवळ येतं. मी हे समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "असेल. पण मला हिरवंच आठवतं."

आता तो कोपरा. कसरीने खाल्लेल्या भागाच्या लगेच वर ओटीचं दार आहे आणि दारात, अर्धी चौकटीआड, एक बाई उभी आहे. तिचा खालचा भाग कसरीने नेला. वरचा आहे, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, आणि सगळं काळं. या आबांच्या थोरल्या बहीण, आक्का. वयाच्या चौदाव्या वर्षी विधवा झाल्या. ते काळं म्हणजे आलवण, तांबडं आलवण, त्या आंधळ्या काचेत काळं झालेलं. मुंजीच्या फोटोत त्यांनी यायचं नव्हतंच. दारातून बघायला आल्या असतील आणि सापडल्या असतील. आजवर घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं की तिथे कुणी आहे. फोटो तीन फुटी झाला तेव्हा दिसल्या. यंत्राने त्यांचं काय करावं? आलवणाला छान जांभळा रंग दिला, चेहरा तरुण केला, खालचा खाल्लेला भाग भरून कडेला एक कुंडी ठेवली आणि कपाळावर एक नाजूक तांबडी टिकली लावली. हिंदुस्थानी बाई म्हणजे टिकली, एवढं त्याला पाठ.

धाकटे काका कडाडले, "पूस आधी ते. चक्क चूक आहे." चूकच होती. भाच्याचं बोट कळीवर गेलंही. आत्या टीव्हीच्या जवळ जाऊन बराच वेळ बघत होती. "मला एक प्रत अशी काढून दे," म्हणाली. "दुसरी खरी काढ, भिंतीसाठी. ही माझ्या कपाटात ठेवीन." काका काही बोलायला गेले, पण तेवढ्यात कुणीतरी कॉफी आणली.

रोममध्ये 1939 साली स्थापन झालेल्या जीर्णोद्धाराच्या सरकारी संस्थेत चेझारे ब्रांदी म्हणून एक संचालक होते. जुन्या चित्रातला झडलेला भाग भरायची त्यांच्या काळातली एक रीत मला मोठी सभ्य वाटते. भरायचं ते बारीक उभ्या रेघांनी. लांबून चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात आणि मूळ कुठे संपलं, डागडुजी कुठे सुरू झाली हे कळतं. आपल्याकडे उलटंही होतं. 2022 साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच उतरवलं तेव्हा हजार किलोंहून जास्त शेंदूर निघाला आणि खालून वेगळंच रेखीव रूप बाहेर आलं. खरं म्हणजे हेच मूळ. पण ज्यांच्या आज्यापणज्यांनी त्या शेंदरी रूपापुढे नवस फेडले, त्यांचं मूळ कोणतं म्हणायचं? मला या प्रश्नाचा नीट निकाल लावता येत नाही, म्हणून मी आपला ब्रांदींच्या बाजूने. भाच्याला सांगितलं, नाक जुळव, घडी काढ, बुरशी काढ. आत्याचा भोवरा आणि आबांचे वण राहू देत, आणि कोपरा भरू नकोस, नुसता साधा करडा सोड.

"एवढे कष्ट घेतले आणि कोपरा तसाच?" काकू म्हणाल्या. जावई म्हणाले, कोपरा कापूनच टाका, चौकट लहान होईल, खर्च वाचेल. शेवटी ज्याला जी हवी ती प्रत द्यायची असं ठरलं. म्हणजे एकाच मुंजीचे चार निरनिराळे पुरावे चार घरांत लागणार. आणखी पन्नास वर्षांनी कुणी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच, तर आमच्या आजीला चार नाकं होती असं अनुमान निघेल. मूळ फोटो काचेसकट कोरड्या कपाटात, उजेडापासून लांब.

भाचा लॅपटॉप मिटायला लागला तेव्हा धाकटे काका खाकरले. मुंज 1941 ची, काकांचा जन्म 1946 चा. भावंडांत तेवढे एकटेच या फोटोत नाहीत.

"काय रे," ते भाच्याला म्हणाले, "हल्ली माणूस आत घालताही येतो म्हणे?"

"येतो की आजोबा."

"मग तो कोपरा रिकामाच आहे ना. लहानपणीचा माझा एक फोटो आहे, झबल्यातला. तिथे बसवून टाक."

"तिथे नाही," आत्या आतून ओरडली. "तिथे आक्का उभी आहे."

"अगं ताई, मग मी कुठे बसू?"

"तुझी नोंद व्हायला पाच वर्षं आहेत अजून. रांगेत उभा राहा."